मत्स्यश्रुतीचा तांबडा दिवा

माशांच्या टाकीच्या काचेवरची मत्स्यश्रुतीची चकती पुन्हा तांबडी झाली. "एंजल आक्रमक. गोरामींना धोका. वेगळे करा," ती सौम्यपणे म्हणाली.

"ऐकलंत, वहिनी? तुमच्या एंजल माशाची, जमादाराची, तक्रार आहे," अलका म्हणाली.

"जमादार इथे आधीपासून आहे. तुझे गोरामीच उपरे," नलिनीबाई फणकारल्या.

दोघी सख्ख्या जावा. उतारवयात एकटी पडलेली अलका आठवड्यापूर्वीच आपले मासे घेऊन सांगलीला थोरल्या जावेकडे राहायला आली होती. मासे भांडणाआधी बारीक कुरकुरतात, ते आपल्या कानाला कळत नाही. काचेवरचं हे यंत्र, मत्स्यश्रुती, ते ऐकायची. भिंतीवरची तिची थोरली बहीण, गृहश्रुती, माणसांच्या आवाजातला ताण मोजायची.

आज त्या भिंतीवरही तांबडा दिवा होता. नलिनीबाईंच्या मुलीने, ऋताने, निकाल वाचला. "सहवास अयोग्य, म्हणतेय. काकू, रागावू नका, रविवारी आपण एखादा वृद्धाश्रम बघून येऊ या का?"

अलकाने मासे काढायची जाळी उचलली. "आधी यांना बाहेर काढते. उगाच कोणाला त्रास नको."

तो 'कोणाला' ऐकून नलिनीबाईंनी टाकीकडे पाहिलं. त्यांना आपले गेलेले यजमान आठवले. बाही सरसावून, धोतराचा काठ भिजवत, नवा मासा आणला की ते आधी टाकीतले सगळे दगड हलवायचे. कृष्णेच्या पात्रातून वेचून आणलेले काळे, गुळगुळीत दगड. नलिनीबाई वैतागायच्या, "मांडलेलं का मोडता?" ते हसायचे. "जुन्या माशाचा कोपराच उरला नाही, तर राखायचा कुठला?"

या खेपेला आपली मांडणी विस्कटू नये म्हणून त्यांनी अलकाचे मासे तसेच ओतले होते.

"जाळी ठेव," त्या म्हणाल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. दगड इकडचे तिकडे झाले. वनस्पती उपटून दुसरीकडे रोवल्या. जमादार गोंधळून मध्येच थांबला. त्याचा कोपराच नाहीसा झाला होता. गोरामी पानाआडून डोकावले. थोड्या वेळाने चकती पिवळी झाली, मग विझली.

नलिनीबाईंनी हात पुसत खोलीभर नजर फिरवली. खिडकीजवळ त्यांची कॉट, दाराशी अलकाची. देवघराशेजारचं कपाट त्यांचं, ट्रंक अलकाची, तीही कॉटखाली.

"अलके, कॉट धर त्या बाजूने."

"कशाला?"

"खिडकी तुला. मला ऊन सोसत नाही हल्ली."

"खोटं! काल दुपारभर उन्हात बसला होतात!"

"धरतेस की नाही?"

"अहो हळू! तो माझा पाय आहे!"

"मग बाजूला घे, चपलेसारखा मध्येच काय टाकलायस?"

दोघी ओरडत होत्या, आणि ओरडता ओरडता हसत होत्या. गृहश्रुती लालभडक झाली. ऋता गोंधळून कधी भिंतीकडे, कधी आईकडे बघत राहिली.

"आई, ही तर वाढलेला ताण दाखवतेय."

धापा टाकत नलिनीबाई कॉटवर टेकल्या. "तिने आमचं ओरडणं ऐकलं गं. पण दगड हलवता येतात, हे तिला कोणी शिकवलंय का?"