टाउनोच्या उशाचा रेडिओ

पार उत्तरेकडच्या इनारी सरोवराच्या काठी डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. दुपार कलताच खिडकीबाहेर शाई सांडल्यासारखा अंधार असतो. अशाच एका दुपारी टाउनो पलंगावर बसून नव्या घड्याळ-रेडिओशी झटापट करत होता. संध्याकाळी चर्चमध्ये नाताळची गाणी होती, आणि त्याआधीची डुलकी त्याला सोडवत नव्हती.

"जन्मभर बस हाकलीस, नि साधं घड्याळ लावता येईना?" धाकटी बहीण लेंपी दारातून हसली. दोघंही म्हातारी, एकटी. एकाच घरात राहत.

"गप गं! हे बटण दाबून धरलं की आकडे पळतात... हं, पळाले बघ!"

त्याने पाचचा गजर लावला. कर्कश भोंग्यापेक्षा माणसाचा आवाज बरा, म्हणून खटका रेडिओकडे सरकवला. चकती फिरवता फिरवता खरखरीतून हवामानाच्या बातम्या लागल्या. टाउनो खूश झाला आणि रेडिओ बंद करून आडवा झाला.

लेंपीने घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीत डोकावून पाहिलं. निखारे विझत आले होते. ऊब वाया नको, म्हणून तिने धुराड्याची झडप लावली आणि आपल्या खोलीत जाऊन निजली.

टाउनोला जाग आली ती कुणाच्या तरी बोलण्याने. आकड्यांचा लाल उजेड उशीवर पडला होता. पाच वाजायला बराच अवकाश होता, तरी रेडिओ बोलत होता. एक बाई. सावकाश, जुन्या खेडवळ बोलीत...

"ऊठ रे बाळा... टाउनो, ऊठ..."

"कोण...?"

"झडप उघड... लेंपीला बाहेर ने..."

त्याचं डोकं घण घातल्यासारखं ठणकत होतं. धूर नव्हता, वास नव्हता. पण निखाऱ्यांचा वायू झोपेतच माणूस नेतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तो रांगत भट्टीशी गेला, झडप ओढली, आणि निपचित पडलेल्या लेंपीला काखांत हात घालून फरफटत बाहेर पायरीवर आणलं. खिशातल्या फोनवरून त्याने शेजारच्या ऊलाला कसंबसं बोलावलं. गार वाऱ्यात लेंपी कण्हली, तेव्हा तो लहान पोरासारखा रडला.

इस्पितळातून दोघं धडधाकट परतली. लेंपीने आधी रेडिओवरची धूळ शालीच्या टोकाने पुसली. "कोण होतीस गं बाई? तुझे उपकार कसे फेडू आम्ही?"

रेडिओ हवामान सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऊला मासे घेऊन आला. दोघांनी पुन्हा पुन्हा त्याचे आभार मानले. कॉफी झाली, तरी तो चुळबुळत बसला होता.

"एक विचारू? त्या दिवशी माझ्या गाडीचा उजेड पायरीवर पडला, तेव्हा तुमच्यामध्ये ती म्हातारी कोण बसली होती?"

"म्हातारी...?"

"अनवाणी होती, एवढ्या बर्फात. दोघांना कुशीत धरून बसलेली. मी गाडी थांबवली, तशी उठली नि आत गेली." ऊलाचा आवाज खाली आला. "रुग्णवाहिका निघेपर्यंत मी दारातच उभा होतो... ती काही बाहेर आली नाही."

मग लेंपी उठली आणि तिने शांतपणे चौथा कप भरला.

आतल्या खोलीत टाउनोचा पलंग हळूच करकरला, कुणी उठताना करकरतो तसा.