पाळण्यातलं नाव

यातली नावं मी बदललेली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. एक नाव तर बदलूनसुद्धा लिहिणार नाही. भित्रा म्हणा हवं तर, पण गोष्ट ऐकून झाल्यावर म्हणा.

चारुदत्त यवतमाळला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. कापसाची ती वाईट वर्षं होती. सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, निम्मा दिवस वीज नसायची, आणि चार माणसं भेटली की बोलणं भावावरून सुरू होऊन भलत्याच ठिकाणी संपायचं. चारुदत्तचं त्यात लक्ष नव्हतं. त्याचा सगळा जीव 'टाक'मध्ये अडकलेला होता. 'टाक' म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी लिहिण्यासाठी त्यानं केलेला प्रोग्राम. तो ओपन सोर्स होता, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कोणीही घ्यावा, वाचावा, सुधारून परत पाठवावा, पै द्यायची गरज नाही. गावोगावची पोरं दुरुस्त्या पाठवत आणि चारुदत्त त्या तपासून आत घेई.

माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. कोणाच्या दुरुस्तीत चूक निघाली की सगळ्यांच्या देखत मेलिंग लिस्टवर त्याची अशी सालटी काढायचा, की ते पोरगं पुन्हा फिरकत नसे. त्यात एका गोष्टीची त्याला विशेष चीड होती. टोपणनावाची. 'टोपणनाव हे चोराचं लक्षण' असं तो लिहायचा. स्वतः मात्र प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर स्वतःचं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही घालायचा, देवळाच्या पायरीवर देणगीदार घालतात तशी.

आणि नेमका 'टाक'मधला सगळ्यात चांगला हात टोपणनावाचा निघाला. 'उकंडा'. दर्या आणि दऱ्या यांतला फरक 'टाक'ला कधी धडपणे कळत नव्हता. चारुदत्तनं महिनोन्महिने डोकं फोडलं होतं. उकंडानं एका दुपारी दुरुस्ती पाठवली, आणि दर्या दर्याच्या जागी गेला, दऱ्या दऱ्यांच्या जागी. चारुदत्तनं आभार मानले नाहीत. त्याला ते लागलं होतं.

मग बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. त्यांचा फुकट वाटायचा प्रोग्रामांचा संच होता, त्यात 'टाक' घ्यायची त्यांची तयारी होती. देशभर जाणार होता. अट एवढीच, की ज्यानं ज्यानं काम केलं त्याचं खरं नाव हवं. सगळ्यांनी नावं दिली. उकंडानं दिलं नाही.

त्यानं लिहिलं, 'सर, पाळण्यातलं नाव आहे, पण ते चालवत नाही. माझं काम घ्या, नाव घालूच नका.' चारुदत्तनं लिस्टवर उत्तर दिलं, की ज्याला बापानं ठेवलेलं नाव सांगायची लाज वाटते, त्याच्या कामाची मला लाज वाटते. त्यावर उकंडाची एकच ओळ आली. 'लिहिलं की वाचलं जाते सर, वाचलं की तोंडानं घेतलं जाते, आन घेतलं की ते ऐकते.' चारुदत्तनं ती ओळ पुढचे आठ दिवस चेष्टेला वापरली. पण लाज वाटली तरी काम टाकवत नव्हतं. उकंडाची दुरुस्ती काढली की दऱ्या पुन्हा दर्यात बुडत होत्या.

बसस्टँडजवळ अय्याजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या सुट्या भागांतून उकंडाचा कॉम्प्युटर त्यानंच जुळवून दिला होता. उकंडा त्याच्याच दुकानातल्या कॉम्प्युटर क्लासला येत असे, तेव्हा फॉर्मला जोडलेल्या जन्माच्या दाखल्यावरचं नाव अय्याजनं पाहिलेलं होतं. चारुदत्त तिथं जाऊन बसला. अय्याजनं आधी समजावून पाहिलं. आधीची लेकरं जगत नाहीत तेव्हा पुढच्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर लोळवतात, कचऱ्याचं नाव ठेवतात, म्हणजे नेणाऱ्याला वाटतं की हे टाकाऊ आहे. खरं नाव आत्या कानात सांगते तेवढंच, पुढं कोणी तोंडानं घेत नाही. चारुदत्त म्हणाला, की कॉलेजचं दुरुस्तीचं काम उद्यापासून दुसऱ्याकडे जाईल. अय्याजला दोन मुली होत्या. त्यानं पेन घेतलं, स्वतःच्या तळहातावर नाव लिहिलं, चारुदत्तला दाखवलं आणि लगेच नळाखाली हात धुतला.

"वाचलं ना? आता तोंडानं घेऊ नका," तो म्हणाला. "त्याच्या घरी जाऊन त बिलकूल नाई."

वैशाखातला रविवार होता. चारुदत्त सकाळी निवांत जेवून कळंबच्या बसमध्ये बसला. उकंडाच्या तोंडावर त्याचं नाव फेकायचं, सही घ्यायची आणि चारच्या बसनं परत यायचं, एवढंच काम होतं. कळंबला बाकीची माणसं चिंतामणीच्या दर्शनाला गेली. तो उलट्या बाजूला, बंद पडलेल्या जिनिंगकडे चालत निघाला. उकंडाचा बाप तिथं चौकीदार होता. तो वारल्यावरही माय-लेक तिथंच राहत होती.

ऊन असं होतं की सावल्या पायाखाली गेल्या होत्या. फाटक उघडंच होतं. आत मोठं अंगण, पलीकडं पत्र्याची लांब शेड. बाभळीच्या काट्यांना जुना कापूस लटकलेला होता आणि वारा नसतानाही तो हलत होता. कुजट सरकीचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास नाकात बसला. पाखरू नाही, कुत्रं नाही. चौकीदाराच्या खोलीच्या उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती. उकंडाची माय, गंगी.

"काहून आले?" तिनं विचारलं. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

चारुदत्तनं काम सांगितलं. उकंडा आत होता. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. गंगी म्हणाली, बारा ते तीन आमचं दार कोणासाठी उघडत नाही, उन्हं कलल्यावर या. चारुदत्तनं आवाज चढवला. मी यवतमाळहून आलो आहे, तुझ्या पोराच्या नखऱ्यांसाठी माझं काम अडलं आहे, असं काय काय तो बोलला. गंगी ऐकतच नव्हती. ती शेडकडे पाहत होती. मग तिनं त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला वळचणीखाली ओढलं.

"फुलचंद…"

शेडच्या मागून हाक आली. बाईच्या आवाजात, जेवायला बोलवावं तशी. थोडं थांबून पुन्हा आली, या वेळी म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात.

"भीमराज…"

"माहे दोन पोट्टे व्हते," गंगी कुजबुजली. "त्याईची नावं त्याले ठावं हायेत. याचं नाई. रोज धुंडून राह्यलं ते…"

आणि खरंच, हाका सुरू झाल्या. माधव… रामकृष्ण… दादाराव… एका हाकेनंतर तेवढीच शांतता, मग दुसरं नाव, दुसरा आवाज. कधी लहान पोराचा, कधी मास्तरचा. चिडून नाही, घाईनं नाही. कुलपाला एकामागून एक किल्ली लावून पाहावी तसं चाललं होतं. आत कीबोर्ड जोरजोरात वाजायला लागला.

भीतीच्या आधी चारुदत्तला राग यायचा, ती त्याची जुनी खोड. त्याला वाटलं, सगळी मिलीभगत आहे. शेडमागं कोणीतरी चुलतभाऊ बसवलेला आहे आणि मास्तरला घाबरवून पळवायचा बेत आहे. तळहातावरचं ते नाव त्याला लख्ख आठवत होतं. इथंच मोठ्यानं हाक मारली, की हा तमाशा संपेल. गंगीचा हात झटकून तो भर उन्हात अंगणाच्या मधोमध गेला. त्यानं छातीत श्वास भरला, तोंड उघडलं…

आणि मागून, खोलीच्या दिशेकडून, एका तरुण माणसाच्या आवाजात त्याचंच नाव आलं. त्याचं, वडलांचं, आडनाव. फाइलीच्या डोक्यावर असतं तसंच्या तसं, तेवढंच थांबत थांबत.

आपलं पूर्ण नाव कोणी घेतलं की चारुदत्तची मान आपोआप ताठ व्हायची. "ओ," तो म्हणाला, "मीच तो."

हाका थांबल्या. कीबोर्ड थांबला. बाभळीवरचा कापूसही हलायचा थांबला. गंगीनं त्याच्याकडे पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी लावल्यावर ती आतून बोलली. आवाजात राग नव्हता, पण माया तर अजिबातच नव्हती.

"एकदा ओ देली की ते घर पाहून घेते, साहेब. दुसऱ्यांदा देली की नेते. माह्या दोघाईनं दुसऱ्यांदा देलती. आता जा, आन कोणी बलावलं त गप राहा."

चारुदत्त बसस्टँडपर्यंत पळत गेला. घरी पोचल्यावर त्यानं उकंडाला मेल केली, की मला असं हाक मारून तू काय साधलंस. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'तुम्ही दारात होते म्हणून काल मी तोंड उघडलंच नव्हतं सर. पण रोज मी कोड मोठ्यानं वाचतो, फाइलीच्या डोक्यापासून. दुपारीच वाचतो, बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. तुमचं नाव त्यानं रोज ऐकलं असंन.'

त्याच दुपारी चारुदत्तच्या परसातल्या कडुलिंबाखालून त्याच्या वारलेल्या आईनं त्याला हाक मारली. त्यानं तोंडात रुमाल कोंबला. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या शिपायाच्या आवाजात आली, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या. बारा ते तीन हा माणूस दातांवर दात दाबून बसू लागला. नाव काढून टाकावं म्हणून त्यानं 'टाक'च्या सगळ्या फाइली उघडल्या आणि डोक्यावरचं आपलं नाव पुसून तिथं 'दगड्या' लिहिलं. लिस्टवरची पोरं पोट धरून हसली. त्यांच्याही जुन्या जखमा होत्या. आणि उपयोग काय? जुन्या प्रती शेकडो कॉम्प्युटरांवर गेलेल्या होत्या. एकदा वाटलं ते परत घेता येत नाही, हीच तर 'टाक'ची शान होती. त्यानं उकंडाला लिहिलं, की ती दुपारची वाचायची सवय सोड, मी हात जोडतो. उकंडानं लिहिलं, 'वाचलं नाही त मले बाहेरचं ऐकू येते, सर. मले बी जीव हाये.'

चारुदत्तची बायको मंजुषा. दोघांचं कॉलेजातलं प्रेम, त्यामुळं ती त्याला सरळ 'चारू' म्हणायची. सासूबाईंनी 'अहो म्हण' असा आग्रह धरला, तेव्हा बायकोच्या बाजूनं हाच आईशी भांडला होता. आता तिनं घरातून 'चारू' म्हटलं, की त्याची मान लटलट कापायची. ओ द्यावी की नको? एका दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, तिथं तो गेला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

"आजपासून मला नावानं हाक मारू नकोस," तो म्हणाला. "अहो म्हण. फक्त अहो. म्हणजे मला कळेल, की तूच आहेस."

मंजुषाला आधी हसू आलं, मग त्याचं तोंड पाहून रडू आलं. बरं, म्हणाली. तेवढ्यानं तो एकदम निर्धास्त झाला. किती दिवसांनी पोटभर जेवला. मोरीवरची खिडकी उघडी होती आणि बाहेर लिंब होता, हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पुढचं मंजुषानं सांगितलेलं आहे. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या ओसरीवर शेजारणीबरोबर काड्यांवर गव्हाच्या पिठाचे सरगुंडे वळत बसली होती. वीज गेलेली, घर चिडीचूप. आतल्या खोलीतून चारुदत्तचा आवाज आला, "ओ… आलो, आलो." किती तरी दिवसांत त्याचा आवाज असा हलका लागला नव्हता. तिला बरंच वाटलं. मग तिच्या मनात आलं, की याला बोलावलं कोणी? ती उठेपर्यंत मागचं दार वाजलं होतं. लिंबाखाली त्याच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या, देवळात जाताना काढून ठेवतात तशा. पोलिसांनी विहिरी पाहिल्या, नातेवाइकांनी वणीपासून पुसदपर्यंत गावं पाहिली. चारुदत्त सापडला नाही.

'टाक' बंगळूरच्या संचात गेला. संस्थेनं शेवटी अट सोडली, आणि उकंडाचं काम त्यात बिननावानं गेलं.

पाऊस लागायच्या सुमारास उकंडाचा कॉम्प्युटर बिघडला, म्हणून अय्याज कळंबला गेला. मुद्दाम सकाळीच गेला. उकंडा फार वाळला होता. अय्याज स्क्रू आवळत होता, तेव्हा उकंडा हळूच म्हणाला,

"अय्याजभाई… माहं नाव सराईले कोणी सांगतलं होतं काय?"

अय्याजनं मान वर केली नाही. "काहून?"

"ते आता सराईच्या आवाजात बलावते." उकंडानं दाराकडे पाहिलं. "आंधी कोणतंबी नाव घ्यायचं. आता पयलं अक्षर चुकत नाई… पुढचं धुंडून राह्यलं."

अय्याजनं तळहात पँटला पुसला, पुन्हा पुसला, आणि उरलेला स्क्रू आवळायला घेतला.