फळीवरचा गेरू

घाटंजीत बाजाराच्या मागच्या गल्लीत पुंडलिकराव सुताराचं शेड आहे. पुंडलिकराव आता नाहीत, शेड आहे.

शेडातली रंधा मशीन फूटभर रुंदीचं लाकूड गिळते. कडुनिंबाची ती फळी त्याच्या तिप्पट रुंद, म्हणून वर्षानुवर्षं भिंतीशी विटांवर पडून होती. दुपारी जेवून पुंडलिकराव तिच्यावर डाव्या कुशीवर, गुडघे मुडपून झोपत. रात्री मात्र उशाला त्यांना बायकोचा, विमलताईचा, हात लागे. सकाळी तो हात बधिर. माणूस गेल्यावर तरी हात सुटेल, असं तिला वाटलं होतं. उन्हाळा सरला, हात सुटला नाही. जिभेला चव नव्हती, डोळ्यांना पाणी नव्हतं. पण ते कुणाला काय सांगायचं? हाताचं तरी सांगता येतं.

दिवस करताना दिव्याजवळ पीठ पसरून टोपलं झाकतात. सकाळी पिठात उमटलेली खूण पाहून गेलेला माणूस कुठे गेला ते ओळखतात. विमलताईनं पीठ पसरू दिलं नाही.

"गेले ते गेले. आता माग कायले काढता?"

तिनं गादी पिंजून घेतली, पांढरी खोळ चढवली. राहिली फळी. ती तिनं यवतमाळच्या एका वाचनालयाला टेबलासाठी देऊ केली. फळी घरातून गेली की हात सुटेल, असं तिनं मनात धरलं.

धाकटा दीर गोपाल ती सपाट करायच्या कामाला लागला. फळीच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लेव्हलमध्ये बसवल्या, त्यांवरून सरकणारी चौकट केली, चौकटीत राउटर, गरगर फिरणाऱ्या पात्याचं हातमशीन. चौकट ढकलत न्यायची, पातं उंचवटे खात जातं. आधी फळीवर गेरू चोळायचा. उरतो तो खोलगट जागेत. सगळा गेला, की फळी सपाट.

दुपारपर्यंत सगळा गेला. दोघं जेवायला बसली. भाकरीवर कडू भुसा उडाला होता. गोपालनं तोंड वाकडं केलं; विमलताईनं भाकर संपवली.

"कडू नाही लागली, वहिनी?"

"लागली असन."

विमलताई आत, गोपाल ओसरीवर जरा पडला. उठल्यावर, शेवटचा हात म्हणून गोपालनं पुन्हा गेरू चोळला, चौकट फिरवली. फळीच्या मधोमध लाल डाग उरला.

"लाकूड वळून राह्यलं."

"इतकी वर्सं वाळलेलं?"

"निंबाचं काही सांगता येत नाही."

त्यानं पातं खाली घेतलं, डाग काढला.

दुसऱ्या दुपारी डाग लांबट होता. तिसऱ्या दुपारी त्याला खांदा होता, कंबर होती, मुडपलेले गुडघे होते.

गोपालनं मशीन बंद केली. हवेतला भुसा हळूहळू खाली बसला.

"वहिनी, तुम्ही पीठ पसरू द्याले पाह्यजे होतं."

"तू गेरू पसरलाच ना. छाट."

"अजून छाटली तर टेबल नाही, पापड होईन."

"होऊ दे. पण घरातून जाऊ दे."

चौथ्या दुपारी फळी पुन्हा छाटून झाली, पण विमलताई आत जाऊन पडली नाही. फळीपाशी स्टूल घेऊन बसली, डावा हात मांडीवर ठेवून. वर पत्रा तडकत होता. काही झालं नाही. गोपालनं गेरू चोळला, चौकट फिरवली. लाल ठिपकाही उरला नाही.

फळी न्यायला टेम्पोवाला शंकरसिंग आला. गोपालसोबत फळी उचलताना थबकला.

"मावशी, एवढी मोठी फळी अन् हलकी काहून? आतून पोकळ हाय का?"

टेम्पो वळेपर्यंत विमलताई दारात उभी राहिली. मग आत जाऊन गादीवर पडली. कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

जाग आली ती मुंग्यांनी. डाव्या हातात, खांद्यापासून बोटांपर्यंत. हातावरचं ओझं नुकतंच उचललं की येतात तशा.

हात सुटला होता.

तिनं मान वळवली.

पांढऱ्या खोळीत, तिच्या शेजारी, खळगा पडला होता. खांदा. कंबर. मुडपलेले गुडघे.

काठाकाठानं गेरू.

विमलताई उठली नाही. हातही मागे घेतला नाही.

"सरका जरा," ती म्हणाली. "काठावर आली मी."

कापूस करकरला.

मुंग्या थांबल्या. हात पुन्हा बधिर झाला.