एक पंख खाली

“मुंगे, ट्रायपॉड आण! बाँबफेकी विमान अजून राहिलंय!” मामानं दालनाच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारली.

मुंगी जागची हलली नाही. सुट्टीत मामाबरोबर लढाऊ विमानांच्या संग्रहालयात जायचं म्हणून ती आठवडाभर नाचत होती. आता तिच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती! मामा संग्रहालयाच्या पुस्तकासाठी एकेका विमानाचे ढीगभर फोटो काढायचा, आणि ओझी वाहायला भाचरं! मावसभाऊ लंबू दिव्यांचे स्टँड ओढून वाकला होता. तिचा धाकटा भाऊ टिल्लू लेन्सच्या पेटीवर बसून पेंगत होता.

हललेले फोटो पुसून टाकायचं काम मुंगीकडे होतं. जड डोळ्यांनी ती कॅमेऱ्यात एकेक फोटो बघत होती. मध्येच तिचा अंगठा थांबला.

“लंबू, हा कालचा फोटो. विमानाच्या पंखाचं टोक खिडकीच्या गजाच्या वर आहे ना? आता हा आजचा.”

“खाली आलंय की!” लंबूनं जांभई दिली. “ट्रायपॉड हलला असेल.”

“कसा हलेल? मामानं फरशीवर पट्ट्या चिकटवल्यात. आजही ट्रायपॉडचे पाय तिथंच होते.”

दोघांनी वर पाहिलं. छताला जाड तारांनी टांगलेलं जुनं टेहळणी विमान. त्याच्या बरोबर खाली खुर्च्या मांडलेल्या! निवृत्त वैमानिकांचा मेळावा होता, आणि आजोबामंडळी बसायलाही लागली होती.

लंबूची झोप उडाली. दोघं धावत मॅनेजरसाहेबांकडे गेले.

“काका, ते विमान खाली येतंय!”

“अरे बाबांनो, तुमच्या जन्माआधीपासून टांगलंय ते,” साहेब हारांच्या टोपलीतून मानही वर न करता म्हणाले. “उगाच लोकांना घाबरवू नका. पळा!”

मुंगीनं पुढे केलेला फोटो मामानं तर बघितलाच नाही. “दमलीस गं तू. दमलं की सगळं वाकडं दिसतं.”

मुंगीला रडूच येणार होतं. दमली होती हे खरंच. पण तो गज काही दमला नव्हता!

“ओरडलो तर कुणी हलणार नाही,” लंबू म्हणाला. “पण फोटो म्हटलं तर?”

मुंगी लगेच आजोबामंडळींसमोर उभी राहिली. “आजोबा, सगळ्यांचा एकत्र फोटो! बाहेरच्या मोठ्या विमानापाशी! लवकर चला, ऊन उतरतंय!”

इकडे लंबू मामाकडे पळाला. “मामा, वैमानिक आजोबा बाहेर खोळंबलेत! तुमचीच वाट बघतायत!”

आजोबा कॉलर सारखी करत उठले. टिल्लूनं डोळे चोळत, काठी टेकत सगळ्यात हळू चालणाऱ्या आजोबांचा हात धरला.

“अहो, कार्यक्रम आत आहे!” साहेब मागून ओरडत धावले. “कुणी सांगितलं तुम्हाला...”

ते दारात पोचले, आणि मागे खाडकन आवाज झाला! तार सुटली. विमान एका अंगावर कलंडलं आणि त्याचा पंख रिकाम्या खुर्च्यांवर आदळला. खुर्च्यांचा चुराडा झाला!

साहेब पायरीवरच बसले. मामानं कॅमेरा खाली ठेवला आणि तिन्ही पोरांना एकदम जवळ ओढलं.

“मुंगे, तू दाखवत होतीस, आणि मी बघितलंसुद्धा नाही,” तो म्हणाला.

“मीही नाही,” साहेब म्हणाले. त्यांनी लगेच दालन बंद करवलं आणि बाकीच्या विमानांच्या तारा तपासायला माणसं बोलावली. काठीवाले आजोबा मुलांपुढे ताठ उभे राहिले आणि त्यांनी चक्क कडक सलाम ठोकला! “पोरांनो, आकाशात इतकी वर्षं काढली, पण आज जमिनीवर वाचलो!”

“सांगा, बक्षीस काय देऊ?” साहेबांनी विचारलं. “उद्या हव्या त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसवतो!”

“आजच चालेल का, काका?” मुंगी म्हणाली. “उडायचं वगैरे काही नाही. नुसतं बसायचंय!”

सगळे हसले. बाहेरच्या मोठ्या विमानाला शिडी लागली. मामा वर चढून फोटो काढायला गेला, तेव्हा वैमानिकाच्या जागेवर मुंगी आणि शेजारी लंबू, दोघंही गाढ झोपले होते.