राहिलेली खेप

माझ्या डोळ्याला मोतीबिंदू होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुम्ही तेच म्हणणार आहात.

तो काढून घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बोलावलं होतं. म्हणून आदल्या दुपारी मी पिशवी घेऊन माजलगावच्या स्टँडबाहेर उभा होतो. बस आली नाही. या बाबतीत आमची एस.टी. फार नियमित आहे. दिवस कलायला लागला तेव्हा एक पांढरी, मोठी, नवी कोरी गाडी समोर येऊन थांबली. काच खाली झाली. आत विजयसिंह होता.

विजयसिंह म्हणजे आमच्याकडच्या एका बागायतदार पुढाऱ्याचा मुलगा. गेल्या हंगामात तेलगावच्या रस्त्यावर, दिवस मावळताना, त्यानं उसाची एक बैलगाडी उडवली होती. गाडीवान गहिनीनाथ जागीच ठार, असं कागदावर आहे. डावीकडचा बैल चांद्या तिथंच मेला. उजवीकडचा हरण्या तेवढा लंगडत वाचला. मोटारीचा काटा एकशे साठच्या पुढं होता असं लोक म्हणत. वकील म्हणत, बैलगाडीला दिवा नव्हता. मी उभी हयात तालुक्याच्या कोर्टात कारकुनी केली. शिक्षा या विषयावर माझं वाचन दांडगं आहे, दर्शन मात्र क्वचित. चांद्याचा पंचनामा उरकायच्या आत विजयसिंहाचा जामीन झाला होता. खटला चालू आहे. चालू राहील.

"बसा, भाऊसाहेब. अंबाजोगाईलाच चाललोय."

"तुझ्या गाडीत? मला डोळा काढून घ्यायचा नाही, नीट करून घ्यायचाय."

"बसा हो. कुनीतरी सोबत पायजे मला..."

आवाजात नेहमीची मिजास नव्हती. मी बसलो. त्याची बायको ऋतुजा बाळंतपणाला अंबाजोगाईत दाखल होती. रक्त फार गेलं होतं. तिचा रक्तगट दुर्मिळ. याचाही नेमका तोच. रक्तपेढीत तेवढं नव्हतं.

"मग ड्रायव्हरला घ्यायचं नाही का?"

"ऱ्हात न्हाईत. पळून जातात."

"का?"

 गाव मागं पडलं तसा त्यानं पाय दाबला. काटा शंभरावर गेला तेव्हा मी रामरक्षा सुरू केली. एकशे तीसला ती थांबली, कारण पुढचं आठवेना.

"हळू घे, बाबा."

"आता पळू द्या, भाऊसाहेब. फुडं पळू देत न्हाई."

"कोण?"

त्यानं पुढं रस्त्याकडं बोट केलं.

दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस होता. सूर्य त्याच्या शेंड्यांवर टेकत होता. मग ती बाभूळ आली. अपघाताची जागा तीच. कुणीतरी तिच्या बुंध्याशी मोडकं जू टेकवून त्याला शेंदूर लावला होता. मी तिकडं बघायचं टाळलं. पण बाभूळ काचेपुढून हलेना. इंजिन गुरगुरत होतं, काटा एकशे चाळीसवर थरथरत होता, आणि बाभूळ इतकी सावकाश मागं सरकत होती की तिचा एकेक काटा मला दिसत होता.

आधी वास आला. चेचलेल्या उसाचा, बैलाच्या घामाचा, रॉकेलचा. काचा बंद होत्या. मग घुंगरमाळ वाजली. एकाच गळ्यातली. थोडी वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची.

समोर उसानं लादलेली बैलगाडी चालली होती. उसाच्या शेंड्यांचे वाढे रस्त्यावर घासत होते. आणि चाकांच्या आखाखाली कंदील झुलत होता. तो कंदील मी नीट पाहिला. पेटलेला होता.

"तुमाला... दिसतंय?" विजयसिंहानं हळूच विचारलं.

"दिसतंय."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आतापतोर कुनालाच दिसलं न्हाई. ड्रायव्हर लोकांना नुसती घुंगरं ऐकू यायची."

"दुसऱ्या गाडीनं जाऊन पाहिलंस?"

"एसटीनं गेलतो. एसटी बी अशीच झाली. लोकं ड्रायव्हरला शिव्या देत व्हते, अन् मी खाली मुंडी घालून बसलतो. कुठूनबी जा, भाऊसाहेब, रस्ता हितंच येतो. दिवस बुडून गडद अंधार पडला की सुटका व्हती. पन आज तेवढा टाईम न्हाई..."

त्यानं होता नव्हता तेवढा जोर करून पाय दाबला. इंजिन किंचाळलं. आणि मागं गेलेली बाभूळ माझ्या काचेशी पुन्हा आली. तेच जू, तोच शेंदूर. त्यानं आणखी दाबलं. बाभूळ आणखी पुढं गेली. आम्ही मागं चाललो होतो.

फोन वाजला. ऋतुजाची बहीण मनिषा होती. "दाजी, कुठवर आलात? डॉक्टर सारखं इचारायलेत... ताई बोलंना झालीय."

"आलोच," तो म्हणाला. 

तेवढ्यात उसाच्या कडेनं एक बाई आली. तिथंच कारखान्याच्या तोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. तिच्या हातात पाण्याची बादली होती. मी ओळखलं. गहिनीनाथची बायको, चंद्रभागाबाई. तिनं आमच्याकडं पाहिलंही नाही. बैलगाडीपुढं जाऊन बादली ठेवली.

"पी बाबा, चांद्या."

बादलीतलं पाणी खाली जाताना मी पाहिलं. घोटाघोटानं.

विजयसिंहानं इंजिन बंद केलं. दार उघडलं. खाली उतरला. त्याच्यामागं मीही उतरलो. आत एकटं बसायची छाती नव्हती.

"मावशी..."

"आज उतरलास व्हय." आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. "त्या दिशी बी उतरला असतास, तर पानी तरी पाजलं असतंस. मालक पानी पानी करत गेले. मी कोपीतून पळत येस्तवर..."

'जागीच' हा शब्द कागदावर किती आटोपशीर दिसतो.

"मावशी, माझी बायको तिकडं मरायलीय. मला जाऊ द्या. तुमी म्हनाल ती शिक्षा..."

"मी कोन शिक्षा देनार? कोर्ट हाय की तुमचं." तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. "मालकाची रीत व्हती. भरलेली गाडी वाटंत सोडायची न्हाई. ताप असू, पाऊस असू, खेप कारखान्याच्या वजनकाट्यावर नेऊनच बैल सोडायचे. ती खेप राहिलीय. एकल्या बैलाला वढत न्हाई. रोज हितवर येतंय, अन् अडतंय."

तेव्हा मी जुवाकडं पाहिलं. डावीकडं चांद्या उभा होता, कपाळावर पांढरा चांद. उजवी बाजू रिकामी. हरण्या वाचला होता. पलीकडं कोपीपाशी खरोखरचा बांधलेला दिसत होता. जिवंताची जागा रिकामी होती आणि तिथं जिवंतच लागणार होता. माझ्या अंगावर काटा आला, पण तो नुसता भीतीचा नव्हता. इतके निकाल लिहिले, इतका मापात बसलेला एकही आठवत नाही. जेवढं मोडलं होतं, तेवढंच मागितलं होतं.

विजयसिंहानं बूट काढले. वाकला. जू खांद्यावर घेतलं.

वर, उसाच्या मोळ्यांवरून, कुणीतरी जिभेनं हलकेच चुचकारलं. मी वर पाहिलं नाही. उभ्या नोकरीत मी एवढी एकच अक्कल कमावली होती.

गाडी हलली.

मी आणि चंद्रभागाबाई मागून चालत होतो.  पुढं अनवाणी पाय, बाजूला खूर, आणि त्यांची लय हळूहळू एक होत गेली. चढावर विजयसिंह कण्हला, तेव्हा त्या बैलानं भार आपल्याकडं घेतलेला मी पाहिला. जू तेवढं तिरपं झालं. कंदील झुलत होता. सूर्य मात्र शेंड्यांवरच टेकून राहिला होता, जणू कुणी त्याला पुढची तारीख दिली होती.

कारखान्याचा भोंगा ऐकू आला. फाटकात बैलगाड्यांची रांग होती. आमची गाडी त्या रांगेत शिरली. काट्यावरच्या माणसानं मानसुद्धा वर केली नाही. घुंगरं एकदा वाजली आणि थांबली.

विजयसिंह फाटकाबाहेर मातीत गुडघ्यांवर बसला होता. एकटाच. चंद्रभागाबाई आमच्याबरोबर नव्हती. मागं पांढरी गाडी उभी होती, तोंड अंबाजोगाईकडं. ती तिथवर कुणी आणली, मला माहीत नाही. आणि सूर्य आत्ता कुठं बुडत होता.

पुढचा सगळा रस्ता तो पन्नासच्या वर गेला नाही. मी विचारलंही नाही. वेळेवर पोचलो. वॉर्डात तो अनवाणीच शिरला. त्याचं रक्त घेतलं, ऋतुजा वाचली, मुलगी झाली. माझाही डोळा झाला. डॉक्टर म्हणाले, "काका, या डोळ्यानं तुम्हाला दिसत तरी काय होतं?"

"बरंच," मी म्हणालो.

खेप पोचली, शिक्षा भोगून झाली, असं मी धरून चाललो होतो. कारकुनाला निकालाखाली शेवटची ओळ लागते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, मी चंद्रभागाबाईच्या गावी गेलो. त्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. अंगणात हरण्या बांधला होता. शेजारी, अंगातला सदरा काढून, विजयसिंह बसला होता. गाडी कुठं दिसली नाही. माजलगावहून पायी आला होता म्हणे.

हंगाम संपून महिने झाले होते. हरण्याच्या खांद्यावर नवे केस आले होते. विजयसिंहाचा खांदा मात्र सोललेला होता. जखम ताजी होती, लालभडक.

"अजून?" मी विचारलं.

"जू तिरपं झालतं ना त्या चढावर," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या वाटचं त्यानं वढलं. ते फेडायचं हाय. तवर हे भरत न्हाई."

चंद्रभागाबाईनं हरण्याचा खांदा चोळला. मग विजयसिंहाचाही चोळला. तो डोळे मिटून बसला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या," ती म्हणाली. आधी हरण्याला. मग त्याला. मग पलीकडच्या चांद्याच्या रिकाम्या खुंट्याकडं वळून तेच, त्याच आवाजात.

अंगणात अंधार उतरत होता. खुंट्यापाशी कडब्याची पेंडी पडली होती. तिकडून सावकाश, निवांत, रवंथ केल्याचा आवाज यायला लागला. माझा डोळा आता चांगला आहे. मी नीट पाहिलं. तिथं काही नव्हतं.

विजयसिंहानं डोळे उघडले नाहीत. तो फक्त थोडा बाजूला सरकला, जोडीदाराला जागा देतात तसा.