चौपट लांबलेलं ‘बघू’

“शुक्! बोलू नका!”

मनोरीच्या जेटीवर कुणी परका पोरगा आपल्यालाच गप्प बसवेल, हे मालनच्या स्वप्नातही नव्हतं. ती तिथल्याच कोळीवाड्यातली. रोज तरीने मार्वेला उतरून बोरिवलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जायची. बोलण्याचाच पगार घ्यायची. आणि हा कोण टिकोजीराव? खांद्याला टेपरेकॉर्डर, पायमोज्यात गुंडाळलेला माइक पाण्यावर धरलेला!

“का? समुद्र तुमच्या बापाचा आहे का?”

“बापाचा नाही हो... लाट टेप होतेय ना.”

“झाली का मग?”

“झाली. तुमच्यासकट!”

त्याचं नाव लवू. घर नाहूरला, मूळ मालवणकडचं. अंधेरीच्या एका स्टुडिओत तो नाटकांसाठी आवाज बनवायचा. पुढच्या रविवारी त्याने तिला टेप ऐकवली. वेग कमी केलेली लाट ढगांसारखी गडगडत होती, आणि तिचा तो तिखट ‘का?’ चिमण्यांच्या थव्यासारखा भुर्रकन उडत होता.

“हे... माझंच?”

“तुझंच. ब्लेडने टेपचे नखाएवढे तुकडे केले, उलटसुलट चिकटवले.”

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. मग दर रविवारी लवू हजर. जाळी ओढण्याचा आवाज झाला, सुकत्या बोंबलांची खसखस झाली. आवाज संपले, तरी तो येतच राहिला.

“समुद्र पळून चाललाय का गो, दर आयतवारी टेप कराला?” आई, सुंदराबाई, डोळे बारीक करून विचारायची. मालन लाजून आत पळायची.

अशाच एका संध्याकाळी, मशीन चालू असताना, लवू एकदम म्हणाला, “मालन... माझ्याशी लग्न करशील?” आणि नेमकी त्याची चप्पल चिखलात रुतली. स्वारी एका पायावर! मालनने ओढणी तोंडात कोंबली, कसंबसं “बघू...” म्हणाली आणि घराकडे धावत सुटली.

त्यानंतर तेरा दिवस लवूचा पत्ता नाही. मधला रविवारही कोरडा गेला.

मालनला काही सुचेना. आपण ‘बघू’ का म्हणालो? हो का नाही? आपल्याला तो आवडतो, की त्याच्या मशीनमधला आपला आवाज? एकदा त्याचा राग यायचा, एकदा स्वतःचा. एक्स्चेंजमध्ये तिने नाशिक मागणाऱ्याला नागपूर जोडून दिलं. त्यात उद्या, रविवारी, गोराईचं स्थळ तिला बघायला येणार होतं.

शेवटी शनिवारी अर्धी रजा टाकून तिने अंधेरी गाठली. लवूची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

“नको सांगूस. माका सगळा कळला,” तो पुटपुटला. मन दुखलं की त्याची मालवणी बाहेर यायची.

“काय कळलं?”

त्याने टेप लावली. “तुझं ‘बघू’ नीट ऐकायला वेग निम्मा केला. मग त्याचाही निम्मा...”

स्पीकरमधून जाड, ओला आवाज आला. “ब... घू...” आणि मागोमाग हुंदक्यावर हुंदका.

“रडत होतीस तू. मनात नव्हतं, तर तेव्हाच सांगायचंस ना.”

मालन गोंधळून गेली. आवाज तर तिचाच! आत कुठेतरी आपण खरंच रडत होतो की काय? क्षणभर तिचाही मशीनवर विश्वास बसला. मग तिला ती चप्पल आठवली.

“पूर्ण वेगाने लाव.”

“कशाला पण...”

“लाव म्हणते ना!”

चकती गरगरली. “बघू—” आणि मागे खुदुखुदु, खुदुखुदु, पळता पळता न आवरलेलं हसू!

लवू कधी मशीनकडे बघे, कधी तिच्याकडे. “तू... हसत होतीस?”

“एका पायावर उभा राहून मागणी घातलीस, रडू येईल का? तेरा दिवसांत एकदा सरळ ऐकलं नाहीस, येड्या?”

“धीरच झाला नाही गं.” मग अगदी हळू, “पण मग... त्या ‘बघू’चं काय?”

मालनला स्वतःलाच इतके दिवस ते ठाऊक नव्हतं. आता मात्र तिने ते हसू ऐकलं होतं, आणि असं हसणारी मुलगी काही गोराईला जायची नव्हती. तिने मशीनचं लाल बटण दाबलं, माइक जवळ ओढला.

“हो.”

लवूने टेप थांबवून चकती छातीशी धरली.

“हे कापायचं नाही, ताणायचं नाही. उद्या गोराईवाले यायच्या आत घरी ये, आईला जसंच्या तसं ऐकव.” दारापर्यंत जाऊन ती वळली. “आणि चप्पल नको. बूट घालून ये!”