टाच वर राहिली

शुक्रवारी थेन आणि वायपुलू हे दोघं तरुण मिशनरी चर्चमधल्या सिस्टर ओटेसन या म्हातारीच्या घरी पांढरे कपडे आणायला गेले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बाप्तिस्मा होता, आणि पाण्यात उतरायचे कपडे म्हातारी स्वतः इस्त्री करून द्यायची.

या पोरांना सगळे एल्डर म्हणतात. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि यांना तर धड मिसरूड फुटलेलं नाही! अंधारात उठायचं, प्रार्थना करायची, काळा कोट चढवून छातीवर नावाची काळी पट्टी लावायची आणि कॉलेजच्या त्या चिमुकल्या गावात दारोदार हिंडायचं. दारं उघडायची तशीच मिटायची. त्यांचा एक नियम मात्र पक्का. दोघादोघांनीच राहायचं, जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

"बसा रे, कोको पिऊन जा," सिस्टर ओटेसन म्हणाली. "आणि वायपुलू, तू ते परवाचं गाणं म्हण बघू."

वायपुलू टोंगा बेटावरच्या माणसांचा पोर, अंगानं दांडगा, गळ्यानं गोड. बर्फ पडायला लागलं तेव्हा तो गावात आला. एल्डर थेन उन्हाळ्यापासून तिथे होता, पण त्याला कधी कोणी गा म्हटलं नव्हतं. तो कपात बघत बसला.

तेवढ्यात कॉलेजातला कॉर्बिन आला, कपडे अंगाला येतात का बघायला. बाप्तिस्मा त्याचाच. झाडांची पानं गळत होती तेव्हापासून थेननं त्याला शिकवलं होतं. तो तापानं फणफणला तेव्हा वसतिगृहात सूप नेऊन दिलं होतं. पाण्यात आपल्याला कोणी घ्यायचं, हे ज्याचा बाप्तिस्मा तोच ठरवतो. थेननं आपलं नाव मनातल्या मनात धरूनच ठेवलं होतं.

"एल्डर थेन, रागवणार नाही ना?" कॉर्बिन चाचरत म्हणाला. "मला एल्डर वायपुलूनं पाण्यात घ्यावं असं वाटतंय. तुम्ही साक्षीदार व्हा ना."

"त्यात काय रागवायचं!" थेन हसला. आणि कोको अर्धाच ठेवून उठला.

निघताना वायपुलू ओसरीवर बुटाच्या नाड्या बांधायला वाकला. "थांब हं, एल्डर."

थेन थांबला नाही. एकटाच चालू लागला.

हिवाळ्यात तिकडे दुपारीच काळोखतं. थेन नदीवरच्या पुलावर आला, तेव्हा शेवाळाचा ओला वास आला. नदी तर वरून गोठलेली... आणि त्याच्या पावलांबरोबर आणखी पावलं वाजायला लागली. अगदी त्याच्याच ठेक्यात.

"तुझा जोडीदार कुठे आहे, एल्डर?"

शेजारून एक पोरगा चालत होता. पांढरा सदरा, टाय, छातीवर पट्टी, पण पट्टीवर बर्फ साचलेलं. अंगात कोट नाही. सदरा भिजून अंगाला चिकटलेला.

"मागे आहे," थेन म्हणाला. "तुझा?"

"माझा पुढे निघून गेला. याच पुलावरून. लोक माझंच नाव घ्यायचे ना... ते त्याला सोसलं नाही." पोरगा जरा थांबला. "तुम्हाला सगळ्यांना जोडी असते. मीच तेवढा एकटा. उद्या येतो मी, साक्षीला. तुझ्या बाजूनं."

"एल्डर!" मागून वायपुलू धापा टाकत पळत आला. "बर्फात घसरून मेलो असतो ना रे! कोणाशी बोलत होतास?"

थेननं शेजारी पाहिलं. कोणी नव्हतं.

"कोणाशी नाही," तो म्हणाला.

शनिवारी चर्चच्या तळघरातला हौद भरला. मागच्यांना दिसावं म्हणून वर तिरका आरसा लावलेला असतो. हौदाच्या दोन कडांना दोन साक्षीदार. पलीकडे म्हातारे ब्रदर लिंडक्विस्ट, वाफेनं चष्मा धुरकटलेले. अलीकडे थेन. सगळं अंग बुडालं पाहिजे. केसाची बट जरी वर राहिली, तरी साक्षीदार 'परत' म्हणतो आणि पुन्हा बुडवावं लागतं. साक्षीदाराला कोणी उलट विचारत नाही.

वायपुलूनं कॉर्बिनला पाण्यात आडवं केलं, वर काढलं. सगळं अंग बुडालं होतं. थेननं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"परत," थेन म्हणाला. "टाच वर राहिली."

लोक कुजबुजले. वायपुलू ओशाळला, पुन्हा बाप्तिस्म्याचे शब्द म्हणाला, त्यानं पुन्हा बुडवलं.

"परत. कोपर."

आता वायपुलूनं थेनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपलंच काहीतरी चुकतंय असं लेकराचं तोंड होतं ते. तिसऱ्यांदा कॉर्बिन वर आला, दम लागलेला. थेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'झालं' म्हणायला त्यानं तोंड उघडलं...

"परत," त्याच्या शेजारून आवाज आला. आवाज त्याचाच होता. शेवाळाचा वास आला आणि एक ओली बाही त्याच्या मनगटाला घासली.

वायपुलूनं चौथ्यांदा बुडवलं. थेननं आरशात पाहिलं. पाण्याखाली दोघं होते. एक कॉर्बिन, आणि त्याच्या खाली, त्याला मिठी मारून, छातीवर पट्टी लावलेला दुसरा.

"वर येत नाहीये!" वायपुलू ओरडला. "कोणीतरी धरलंय..."

थेननं कोटाबुटासकट उडी घेतली. "झालं!" तो किंचाळला. "पहिल्याच वेळी झालं होतं! मी खोटं बोललो... मला त्याचा हेवा वाटला!"

मिठी सुटली. कॉर्बिन खोकत वर आला.

हौद रिकामा केला तेव्हा जाळीत एक जुनी पट्टी सापडली, शेवाळानं माखलेली, नाव झिजलेली. थेनची पट्टी मात्र उडीत निसटली, ती सापडलीच नाही.

त्या दिवसापासून थेन वायपुलूला क्षणभर सोडेना. "लग्न लागलंय का रे आपलं?" वायपुलू हसायचा. पुढच्या आठवड्यात सिस्टर ओटेसननं जेवायला बोलावलं. वायपुलू ओसरीवर बुटाच्या नाड्या सोडायला वाकला. स्वयंपाकघरातून म्हातारीनं हाक मारली, तसा थेन दोन पावलं आत गेला.

"परत आलास होय?" ती म्हणाली. "मघाशी का निघून गेलास? लांबचा चष्मा नव्हता डोळ्यांवर, चेहरा धड दिसला नाही, पण जवळ आलास तेव्हा पट्टीवर तुझंच नाव वाचलं मी. किती भिजला होतास रे! एकटाच!"

"मी काय म्हणालो?" थेननं विचारलं.

"विचारत होतास, वायपुलू नाड्या सोडायला कुठे थांबतो."

आणि ओसरीवरून, मान वर न करता, वायपुलूचा हसरा आवाज आला, "एल्डर, खांद्यावरचा हात काढ ना... केवढा गार आहे!"